हुज्जतखोर : एका बदनाम शब्दाची कुळकथा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेतील एक पुष्प गुंफण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हास केली, आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. आम्ही काही भाषाशास्त्राचे पंडित नव्हे. केंद्र सरकारच्या नोकरीत फायलींवर टिप्पणी लिहिण्यात आमची तीस वर्षे गेली. बी.ए.ला संस्कृत विषय घेतला होता, आणि प्रत्येक बदलीच्या गावी कपड्यांच्या आधी शब्दकोश बांधून घेण्याची खोड आहे. एवढ्याच भांडवलावर आम्ही आपल्यापुढे उभे आहोत. त्यातून ज्या काशीक्षेत्रात शास्त्रार्थ करीत पिढ्यान्‌पिढ्या गेल्या, तेथे शब्दांविषयी बोलावयाचे म्हणजे गंगेकाठी पाणी विकण्यासारखेच होय. तरीही आम्ही शब्दाचाच विषय निवडला, आणि तो शब्द आहे ‘हुज्जतखोर’.

हा शब्द निवडण्याचे कारण दूर शोधावयास नको. मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दरवर्षी हा शब्द कोणी ना कोणी, कोणाला ना कोणाला उद्देशून उच्चारतो. जो शब्द आपण एकमेकांस इतक्या सढळ हाताने देतो, त्याचे कूळ काय, मूळ काय, हे पन्नास वर्षांत एकदा तरी पाहिले पाहिजे, असे आम्हास वाटले.

वाद घालणाऱ्या माणसाला नाव ठेवण्याच्या बाबतीत आपली मराठी मोठी श्रीमंत आहे. भांडखोर, तंटेखोर, हेकेखोर, कज्जेदलाल, वितंडवादी, हुज्जतखोर. एका व्यसनाला इतकी नावे! पण हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. भांडखोराला भांडण हवे असते, विषय कोणताही चालतो. हेकेखोराला विषय एकच असतो, आणि तो म्हणजे त्याचे स्वतःचे म्हणणे. कज्जेदलाल स्वतः भांडत नाही. तो दुसऱ्यांची भांडणे लावून देतो आणि त्यावर आपली पोळी भाजून घेतो. हुज्जतखोराची तऱ्हा याहून निराळी. तो आवाज चढवीलच असे नाही, तो शिव्याही देणार नाही. तो फक्त विचारतो, “कशावरून?” उत्तर दिले की पुन्हा विचारतो, “ते तरी कशावरून?” समोरचा माणूस जेरीस येतो तो या ‘कशावरून’ने. हा ‘कशावरून’ आपण ध्यानात ठेवावा. शब्दाच्या मुळाशी आपणांस तोच भेटणार आहे.

‘हुज्जतखोर’ या शब्दाचे दोन अवयव. शेपटाकडून आरंभ करू. ‘खोर’ हा फार्सी प्रत्यय ‘खुर्दन’ म्हणजे खाणे या क्रियापदापासून आलेला. खोर म्हणजे खाणारा. हिंदीत नरभक्षक वाघाला ‘आदमखोर’ म्हणतात, तेथे तो अक्षरशः खाणारा आहे. मराठीत ‘लाचखोर’ लाच खातो, हेही सरळच. पण मराठी माणसाने हा प्रत्यय इतका आपलासा केला की तो अस्सल देशी शब्दांनाही जोडला. ‘भांडणे’ हे क्रियापद संस्कृत ‘भण्ड्’ धातूच्या कुळातले. त्याला फार्सी शेपूट लावून आपण ‘भांडखोर’ घडविला. या सोयरिकीत कोणालाही कधी विजोड काही वाटले नाही. तेव्हा हुज्जतखोर म्हणजे हुज्जत खाणारा, हुज्जतीवर जगणारा. ती मिळाली नाही तर बिचाऱ्याची उपासमार होत असावी.

आता ‘हुज्जत’. हा शब्द अरबी. आणि श्रोतेहो, अरबीत त्याचा अर्थ भांडण असा नाही, कटकट असाही नाही. अरबीत ‘हुज्जत’ म्हणजे पुरावा, प्रमाण, बिनतोड युक्तिवाद. ज्या एका गोष्टीने विधान सिद्ध होते आणि प्रतिपक्ष निरुत्तर होतो, ती हुज्जत. या शब्दाला त्या संस्कृतीत केवढी प्रतिष्ठा आहे पाहा : अल्‌-गझाली या थोर तत्त्ववेत्त्याला ‘हुज्जतुल इस्लाम’, म्हणजे धर्माचे प्रमाण, अशी पदवी होती, आणि इराणात विद्वान धर्मशास्त्र्यांना ही उपाधी आजही लावतात. तुर्की साम्राज्यात काजीने करून दिलेल्या दस्तऐवजालाही हाच शब्द होता. आणखी एक मौज अशी की हज यात्रेतील ‘हज’ आणि ‘हुज्जत’ यांचा धातू एकच. त्या धातूत उद्दिष्टाकडे निघण्याचा भाव आहे, तसाच प्रमाणाने जिंकण्याचाही. म्हणजे जन्माने हा शब्द यात्रेकरूचा सगोत्र; आमच्याकडे येईपर्यंत मात्र तो नाक्यावरचा भांडकुदळ झाला.

ही अवनती एकट्या मराठीने केली असे नव्हे. हिंदीतही हुज्जत म्हणजे तंटाच, आणि ‘हुज्जती’ हे विशेषण या गल्ल्यांतूनही ऐकू येते. पण मराठीने त्याला क्रियापद कोणते दिले, ते पाहण्यासारखे आहे. आपण पुरावा ‘देतो’, मुद्दा ‘मांडतो’, पण हुज्जत मात्र ‘घालतो’. जसा गोंधळ घालतो, धिंगाणा घालतो, धुडगूस घालतो. ज्या दिवशी ‘हुज्जत’ला ‘घालणे’ चिकटले, त्या दिवशी तिचा पुरावेपणा संपला.

हा एकच शब्द असा घसरला असता तर आम्ही त्यास अपघात म्हटले असते. परंतु त्याची भावंडे पाहावीत. ‘तक्रार’ हा शब्द अरबीत ‘पुनरावृत्ती’ या अर्थाचा. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणे, ही तकरार. हिंदीने त्याचा अर्थ भांडण असा केला, मराठीने गाऱ्हाणे असा केला. आणि सरकारी कार्यालयात आयुष्य काढलेल्या माणसाला विचाराल तर तो सांगेल की मूळ अर्थही काही खोटा नव्हे! दुसरे भावंड ‘हरकत’. अरबीत हरकत म्हणजे हालचाल, गती. हिंदीत ती झाली चाळा, आगळीक. मराठीत ती झाली अडथळा, आक्षेप. म्हणजे जो शब्द गतीचा, तोच गती रोखण्याचा झाला. येथे नव्याने बदलून आलेला मराठी माणूस शेजाऱ्याला मोठ्या सौजन्याने सांगतो, “मेरी कोई हरकत नहीं,” आणि शेजारी गोंधळतो की या गृहस्थाने कोणता चाळा केला नाही म्हणून हा खुलासा? आमच्या कार्यालयीन हिंदीत ज्याला ‘अनापत्ति प्रमाणपत्र’ म्हणतात, त्यालाच मराठी ‘ना-हरकत’ म्हणते. तिसरे भावंड ‘मुद्दा’. तो ‘दावा’ शब्दाच्या घराण्यातला, म्हणजे ज्याचा दावा केला ती गोष्ट. आणि चौथे ‘कज्जा’, हा ‘काजी’च्या घरचा. मुळात तो न्यायापुढील प्रकरण आणि त्याचा निवाडा या अर्थाचा. आपल्याकडे निवाडा बाजूला राहिला आणि उरले ते केवळ भांडण.

पुरावा, पुनरावृत्ती, गती, दावा, निवाडा. मुळात यांतला एकही शब्द शिवीगाळीचा नाही. मग मराठीत येताच सर्वांचा रोख भांडणाकडेच कसा वळला? आम्हास याचे उत्तर असे वाटते की हे शब्द आपल्याकडे ग्रंथांतून आले नाहीत. ते कचेरीतून आले. बहमनी आणि आदिलशाही काळापासून दरबाराची भाषा फार्सी. गावच्या पाटलाला, कुळकर्ण्याला, वतनदाराला हे शब्द प्रथम ऐकू आले ते वतनाच्या, शिवेच्या, मानपानाच्या तंट्यांत. तेथे प्रत्येक पक्ष आपली हुज्जत, म्हणजे आपला पुरावा, घेऊन उभा. आता एका पक्षाचा पुरावा तो दुसऱ्या पक्षाला नेहमीच कटकट वाटतो. दोन्ही बाजूंनी हुज्जती निघू लागल्या म्हणजे कडेला बसलेल्या गावकऱ्याला पुरावा दिसत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो. शब्दाचा अर्थ शेवटी त्या कडेला बसलेल्या गावकऱ्यानेच ठरविला. शिवछत्रपतींनी राज्यकारभारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध करविला, ही गोष्ट सर्वश्रुतच आहे. तरीही तंट्याबखेड्याची ही परिभाषा मराठीत ठाण मांडून राहिली. पुढे १९२५ साली माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियनांनी, स्वतंत्र ‘फार्शी-मराठी कोश’ प्रसिद्ध केला, इतके हे धन विपुल आहे.

आता कोणी म्हणेल की अरबी-फार्सीचे राहू द्या. आपल्या संस्कृतात वादाला काय म्हणतात ते सांगा. तेथेही शब्दाची हीच दशा झाली, पण तेथे आपल्या पूर्वसूरींनी एक मोलाचा भेद करून ठेविला आहे, आणि आजच्या भाषणाचे सार त्यात आहे.

गौतमांच्या न्यायशास्त्रात जे सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत वाद, जल्प आणि वितंडा असे तीन पदार्थ ओळीने येतात. तिन्हींत दोन पक्ष समोरासमोर असतात. भेद आहे तो हेतूचा. ‘वाद’ हा सत्य जाणून घेण्यासाठी, प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे चाललेला. गुरुशिष्यांत, सहाध्यायांत होतो तो वाद. भगवद्‌गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या विभूतींत ज्याची गणना केली, तो हा वाद. ‘जल्प’ हा जिंकण्यासाठी. त्यात शब्दच्छलही चालतो. ‘नवकंबल’ म्हणजे नवी कांबळी असणारा, असे एकाने म्हणावे, आणि दुसऱ्याने ‘याच्यापाशी नऊ कांबळी कोठे आहेत?’ म्हणून त्याला खोटे पाडावे, हे छलाचे शास्त्रात प्रसिद्ध असलेले उदाहरण. आणि ‘वितंडा’ कोणती? जिच्यात वादी दुसऱ्याचे म्हणणे खोडून काढतो, पण स्वतःचे म्हणणे मांडीतच नाही, ती वितंडा. शब्दाची फोडही परंपरेने आघात करणे या अर्थाच्या धातूपासून सांगितली आहे. वैतंडिकाच्या हाती नुसता सोटा असतो.

चरकाचार्यांनीही वैद्यांच्या परिषदांविषयी लिहिताना संभाषेचे दोन प्रकार केले : एक सलोख्याची, संधाय संभाषा; दुसरी चढाओढीची, विगृह्य संभाषा. रोग्याचा जीव ज्यांच्या हाती, त्या वैद्यांनाही वाद करण्यावाचून गत्यंतर नव्हते. मात्र आपण कोणत्या प्रकारच्या वादात शिरत आहो याची जाणीव त्यांनी ठेवावी, ही अपेक्षा होती.

न्यायसूत्रकारांची आणखी एक सूचना आम्हास फार मार्मिक वाटते. जल्प आणि वितंडा यांना त्यांनी सर्वस्वी त्याज्य ठरविले नाही. शेतात नुकते उगवलेले अंकुर गुराढोरांनी खाऊ नयेत म्हणून भोवती काट्यांच्या फांद्यांचे कुंपण घालतात; सत्याचा निश्चय जपण्यासाठी जल्पवितंडांचा उपयोग तसा आहे, असे ते म्हणतात. म्हणजे काटे निषिद्ध नाहीत. पण आधी बी पेरलेले असले पाहिजे. ज्याच्या शेतात बीच नाही, त्याने चारी बाजूंनी काटे रोवले तर त्याला शेतकरी कोण म्हणेल?

हे भेद नुसते पोथीतले नव्हेत. या नगरीने ते डोळ्यांनी पाहिले आहेत. १८६९ साली दुर्गाकुंडाजवळील आनंदबागेत, काशीनरेशांच्या उपस्थितीत, स्वामी दयानंद आणि काशीची पंडितमंडळी यांचा मूर्तिपूजेविषयी शास्त्रार्थ झाला. पंडितांच्या बाजूस स्वामी विशुद्धानंद होते, तसे आपले बालशास्त्री रानडेही होते. सभा संपली आणि दोन्ही पक्षांनी आपलाच विजय झाल्याचे जाहीर केले! उभयपक्षी विद्वत्ता थोर होती, यात शंका नाही. परंतु दोघेही जिंकले असे ज्या सभेविषयी सांगितले जाते, तेथे वाद संपून जल्प कधी सुरू झाला, याचा विचार श्रोत्यांनीच करावा.

याउलट दुसरे उदाहरण पाहा, तेही काशीचेच. एकनाथ महाराजांनी आपले भागवत १५७३ साली याच क्षेत्री पुरे केले. प्राकृतात भागवत लिहिले म्हणून येथील पंडितांनी आक्षेप घेतला, ग्रंथ तपासला, आणि समाधान झाल्यावर त्याचा गौरव केला, असे परंपरा सांगते. आक्षेप घेणारे ते पंडित हुज्जतखोर होते काय? होते, परंतु मूळ अरबी अर्थाने. त्यांनी प्रमाण मागितले. ते मिळाल्यावर ते मान तुकवून मोकळे झाले. याच नाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात दोघे एकमेकांच्या धर्माचे वाभाडे काढतात, आणि अखेरीस एकमेकांस आलिंगन देतात. रचनेतला बराचसा भाग भांडणाचा. पण नाव पडले ते ‘संवाद’.

आता आम्ही आपल्या मंडळाकडे वळतो, कारण घरचा विषय टाळून दारचे सांगणे हाही एक छलच होईल. नाव न घेता एक हकीकत सांगण्याची अनुज्ञा असावी. आपल्या मंडळाचे एक वृद्ध सभासद दर सर्वसाधारण सभेत एकच प्रश्न विचारीत : “ग्रंथालयाच्या नोंदवहीत दोन हजारांवर पुस्तके आहेत, कपाटांत किती आहेत?” एका वर्षी उत्तर मिळाले, मोजणी चालू आहे. पुढल्या वर्षी उत्तर मिळाले, मोजणी होणार आहे. तिसऱ्या वर्षी त्यांनी उठून “अध्यक्षमहाराज” एवढे म्हणताच सभागृहात हशा पिकला, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी ‘हुज्जतखोर’ हा शब्द टाकला. ते खाली बसले. त्यानंतरच्या एकाही सभेला ते आलेले नाहीत. यंदा सुवर्णमहोत्सवी ग्रंथप्रदर्शनासाठी कपाटे उघडली, तेव्हा खालच्या दोन फळ्यांना वाळवी लागलेली आढळली. जुन्या मासिकांचे बांधीव अंक आणि संस्थापकांपैकी काहींनी स्वतःच्या संग्रहातून दिलेली पुस्तके, यांची माती हाताला लागली. ती आता कोणत्याही वर्गणीने परत मिळणार नाहीत.

यात कोणा एका कार्यकारिणीला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. हौसेने, नोकरी सांभाळून काम करणाऱ्यांच्या अडचणी आम्ही जाणतो. आमचे म्हणणे शब्दापुरतेच आहे. त्या गृहस्थांनी जे मागितले ते भांडण नव्हते. ती हुज्जत होती, म्हणजेच प्रमाण होते. आपण त्या शब्दाचा घसरलेला अर्थ त्यांच्या पदरी घातला, आणि पुस्तके गमावली. पुस्तकांहून मोठी हानी ही की प्रश्न विचारणारा माणूस गमावला. परप्रांतातील मंडळे भांडणांनी मोडतात असे आपण नेहमी म्हणतो. ते खरे आहे. पण ‘कशाला उगाच बोला’ म्हणत एकेक सभासद घरी बसू लागला म्हणजेही मंडळ मोडते, आणि त्या मोडण्याचा आवाज होत नाही.

याचा अर्थ आपल्यांत वैतंडिक नाहीत, असे मात्र नव्हे. मुलांचा मराठी वर्ग रविवारी ठेवा म्हटले तर ‘रविवारी नको’, शनिवारी म्हटले तर ‘शनिवारी नको’, आणि ‘मग केव्हा?’ म्हटले तर मौन. असे सभासद प्रत्येक मंडळात असतात. म्हणूनच पारख हवी. आमच्या अल्पमतीप्रमाणे तीन कसोट्या पुरेशा आहेत. पहिली, हा माणूस पुरावा मागतो आहे की विजय? दुसरी, ‘मग आपले म्हणणे काय?’ असे विचारल्यावर तो स्वतःचे काही मांडतो काय? तिसरी, पुरावा दिल्यावर तो थांबतो काय? या तिन्ही कसोट्यांना जो उतरला, त्याला हुज्जतखोर म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे, पण ती शिवी नव्हे, पदवी आहे हे ध्यानात ठेवावे. जो उतरला नाही, त्याला अध्यक्षांनी विनयाने बसवावे. शास्त्रार्थात मध्यस्थ असतो, तो याचसाठी.

आपल्या कोकणाने लांबलेल्या निष्फळ चर्चेला ‘काथ्याकूट’ हा मोठा चित्रमय शब्द दिला आहे. पण कोकणच्या मंडळींना विचारावे : नारळाची सोडणे महिनोन्‌महिने पाण्यात कुजवून, मग ती कुटून कुटूनच काथ्या निघतो, आणि त्याचाच सुंभ वळतात. कुटणे व्यर्थ नसते. कुटून झाल्यावर दोर न वळणे हे व्यर्थ. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, अशी म्हण आपण हट्टी माणसाला लावतो. परंतु पीळ नसेल तर सुंभ कशालाच बांधता येणार नाही, हेही तितकेच खरे.

तेव्हा आमची कार्यकारिणीस एक नम्र सूचना आहे. पुढील सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत ग्रंथालयाच्या मोजणीचा विषय पहिल्या क्रमांकावर घ्यावा, आणि त्या सभेचे निमंत्रण त्या वृद्ध सभासदांना टपालाने न पाठविता दोघातिघांनी घरी जाऊन द्यावे. ते ब्रह्माघाटाच्याच बाजूस राहतात. फार चालावे लागणार नाही. ते आले आणि त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर त्या वेळी आपल्यापाशी आकडा तयार असावा.

आमच्या विधानांपैकी एखाद्यावर कोणास ‘कशावरून?’ असे विचारावयाचे असेल, तर अवश्य विचारावे. आमची त्यास हरकत नाही. आणि हा शब्द आम्ही येथे मराठी अर्थाने वापरीत आहो, एवढा खुलासा करून आम्ही आपली रजा घेतो.